शस्त्रक्रियेनंतरची खुर्ची

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने वाघोली, लोणीकंद, पेरणे ही गावे मागे टाकून भीमेचा पूल ओलांडला, म्हणजे कोरेगाव भीमा लागते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईने या गावाचे नाव इतिहासात नोंदले, आणि दरवर्षी त्या तारखेला नदीच्या अलीकडील पेरण्याच्या जयस्तंभापाशी लक्षावधी माणसे लोटतात. आमचा आजचा विषय त्या एका दिवसाचा नव्हे; उरलेल्या ३६४ दिवसांचा आहे. त्या दिवसांत या पट्ट्यातील माणूस सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांत पाळी भरीत असतो, उसाला पाणी देत असतो, रस्त्याच्या कडेला टपरी चालवीत असतो, नाही तर मालमोटारीचे चाक फिरवीत असतो. हृदयविकार हा लोडाला टेकून बसणाऱ्या सुखवस्तू माणसाचा रोग, अशी एक समजूत पूर्वी होती. ती केव्हाच खोटी ठरली आहे. पन्नाशीच्या आतबाहेरचा कर्ता पुरुष एके दिवशी छाती धरून खाली बसतो. तीसेक किलोमीटरवरच्या पुण्यात त्याला नेतात, अँजिओग्राफी होते, वाहिन्या तुंबल्याचे कळते, बायपास होते, आणि आठदहा दिवसांनी तो घरी येतो.

येथवर सारे ठीक आहे. आमचा आक्षेप आहे तो यापुढील प्रकरणाला. घरी येताच त्या माणसासाठी पडवीत एक खुर्ची मांडली जाते, आणि तीच त्याच्या उरलेल्या आयुष्याची जागा ठरते. "तात्या, तुम्ही उठू नका, काय हवं ते बसल्या जागी मागा," असे सून बजावते. मुलगा हातातली कळशी काढून घेतो. शेजारी येतो, आवाज खाली आणतो आणि विचारतो, "पंपिंग किती राहिलंय?" उत्तरादाखल आलेला आकडा ऐकून तो जो सुस्कारा सोडतो, तो रोग्याच्या कानी पडल्यावाचून राहत नाही. "आता त्यांचं बायपास झालंय" हे वाक्य खेड्यात, आणि शहरातील सुशिक्षित घरांतही, शाळेच्या पटावरून एखाद्याचे नाव कमी केल्याच्या स्वरात उच्चारले जाते. यामागे माया नाही असे आम्ही म्हणत नाही. माया आहेच. परंतु तिच्या हातून जे घडते ते बऱ्या होऊ लागलेल्या माणसाला पांगळे करण्याचे कृत्य होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि या कृत्यात घरच्यांइतकेच आमचे डॉक्टर, कारखानदार आणि शासन हेही भागीदार आहेत.

प्रथम या शस्त्रक्रियेने काय होते व काय होत नाही, ते पाहू. शिरूर तालुक्यातील शेतकऱ्याला हे समजावण्यास फार शब्द लागू नयेत. पाट गाळाने तुंबला की शेताच्या एका तुकड्याचे पाणी तुटते. बायपास म्हणजे तुंबलेल्या जागेला वळसा घालून काढलेला नवा पाट. पायातील शीर काढून किंवा छातीच्या आतील धमनी वळवून ती हृदयाच्या वाहिनीला पुढच्या अंगास जोडतात. पायाच्या शिरेचा हा उपयोग १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे रेने फावालोरो या अर्जेंटिनी शल्यवैद्याने सुरू करून रूढ केला. हा गृहस्थ त्यापूर्वी बारा वर्षे स्वदेशातील एका आडगावी साधा डॉक्टर म्हणून राहिला होता, ही गोष्ट आमच्या विषयाशी अगदीच असंबद्ध नाही.

त्याच्याही दोन वर्षे आधी, १९६५ साली, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. प्रफुल्लकुमार सेन, डॉ. परुळकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निराळाच मार्ग मांडला होता. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायू आपले बरेचसे रक्त आतल्या कप्प्यातूनच थेट घेतो. तर मग माणसाच्या हृदयाच्या भिंतीला सुईने बारीक छिद्रे पाडून उपाशी स्नायूला तसेच रक्त का पाजू नये, असा त्यांचा प्रश्न होता. ही युक्ती पुढे टिकली नाही. नव्या पाटाची युक्तीच सर्वत्र मान्य झाली. परंतु खरा प्रश्न स्नायूचा आहे, नळीचा नव्हे, हे मुंबईच्या त्या मंडळींना पुरते उमगले होते. आज आम्ही 'ब्लॉकेज' किती आणि ते कितव्या ठिकाणी याच्या गोष्टी घरोघरी रंगवून सांगतो, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप केला त्या स्नायूला विसरतो.

पाणी तुटलेल्या शेतातील सारे पीक एकाच अवस्थेत नसते. काही साफ वाळलेले असते. झटक्यात मेलेला हृत्स्नायू असाच होय. त्याच्या जागी व्रण धरतो, आणि मग कितीही रक्त आणून ओतले तरी तो व्रण आकुंचन पावत नाही. नव्या पेशी निर्माण करण्याची हृदयाची शक्ती अगदी तुटपुंजी आहे. अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या किरणोत्सर्गी कार्बनचा शरीरात माग काढून स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली ती मोजली: पंचविशीत वर्षाकाठी शेकडा १, पंचाहत्तरीत शेकडा अर्ध्याहूनही कमी. एवढ्या भांडवलावर मेलेला भाग भरून निघत नाही. तेव्हा बायपास म्हणजे 'नवे हृदय' असे समजून तंबाखूची चंची पुन्हा कमरेला लावणाऱ्यांनी हे नीट ध्यानात धरावे.

दुसरा भाग मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो. थोडा वेळ रक्त तुटले आणि परत आले, तरी स्नायू लगेच कामाला लागत नाही. शस्त्रक्रियेत हृदय थंड करून थांबविले असेल तर त्याचाही असा परिणाम काही काळ राहतो. हा भाग काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपोआप सावरतो.

तिसऱ्या भागाची हकीकत सर्वांत विलक्षण आहे. रक्ताचा पुरवठा महिनोन्महिने अपुरा पडत गेला, तर काही स्नायू मरत नाही. तो आपला खर्च आटोपता घेतो. आकुंचन जवळजवळ बंद करतो आणि जगण्यापुरते रक्त घेऊन पडून राहतो. उन्हाळ्यात मातीत दडलेला बेडूक जसा, तसा. या 'निद्रिस्त' स्नायूची कल्पना गेल्या शतकाच्या नवव्या दशकात वैद्यकविश्वात रुजविली ती डॉ. शहाबुद्दीन रहिमतुल्ला यांनी, आणि त्यांचा जन्म १९३१ सालचा, मुंबईचा. मृगाच्या पहिल्या सरीने बेडूक वर यावा तसा हा स्नायू नवे रक्त मिळताच जागा होऊ लागतो. मात्र उपमा येथे लंगडी पडते. बेडूक एका रात्रीत डराव डराव करू लागतो. निद्रिस्त स्नायूला तशी घाई करता येत नाही. पेशींच्या आतील आकुंचन घडविणारे धागेच त्या दुष्काळात झिजलेले असतात, ते पुन्हा विणले जावे लागतात. कित्येकांत याला तीन महिने पुरतात, कित्येकांत वर्ष उलटून जाते. म्हणजे ज्या काळात हृदय आतून आपला संसार पुन्हा उभा करीत असते, नेमक्या त्याच काळात आम्ही त्याच्या मालकाला खुर्चीत बसवून ठेवतो आणि दीड महिन्यात निकाल लावून टाकतो, की आता हा माणूस कामाचा राहिला नाही.

हा निकाल ज्या आकड्यावर लावला जातो, त्या 'पंपिंग'कडे आता वळले पाहिजे; कारण आमच्या घरांतून त्याने जन्मपत्रिकेची जागा घेतली आहे. टू-डी एकोचा कागद कपाटात दागिन्यांशेजारी ठेवला जातो आणि पाहुणा आला की बाहेर निघतो. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात शेकडा किती बाहेर पडते, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. धडधाकट तरुणातही तो शंभर नसतो. साधारण ५५ ते ७० असतो. पण शंभरापैकी गुण देण्याची शाळेची सवय आमच्या हाडीमाशी इतकी खिळली आहे, की ३५ म्हणजे काठावर पास आणि ३४ म्हणजे नापास, असाच हिशेब आम्ही येथेही करतो. (शालान्त परीक्षेतील उत्तीर्णतेची रेषा आणि अतिशय अशक्त हृदय ओळखण्याकरिता तज्ज्ञांनी वापरलेली रेषा या दोन्ही ३५ वरच याव्यात, हा योगायोग मराठी माणसाला फार महागात पडला आहे.) वास्तविक तपासणारा हात बदलला तर त्याच हृदयाचा आकडा चारपाचांनी सहज खालीवर होतो. पत्रिकेतील ग्रह निदान जागचे हलत तरी नाहीत!

आणि या आकड्याचा आयुष्याशी संबंध काय? पंपिंग ३५ किंवा त्याहून कमी असलेल्या १२१२ रोग्यांवर 'स्टिच' नावाची एक मोठी चाचणी झाली. अर्ध्यांना केवळ औषधे दिली, अर्ध्यांना औषधांबरोबर बायपास केली. पाच वर्षांच्या सुमारास, २०११ साली, एकूण मृत्यूंत ठाम फरक दिसला नाही. पण दहा वर्षांचा हिशेब २०१६ साली बाहेर आला तेव्हा औषधांच्या गटात शेकडा ६६.१, तर शस्त्रक्रियेच्या गटात शेकडा ५८.९ दगावलेले आढळले. हृदय अशक्त म्हणून शस्त्रक्रिया व्यर्थ, असे म्हणणाऱ्यांना हे पुरेसे उत्तर आहे. तथापि आमच्या मुद्द्याची गोष्ट पुढेच आहे. यांतील ६०१ रोग्यांच्या हृदयात जिवंत स्नायू किती उरला आहे, हे आधीच तपासून ठेवले होते. २०१९ साली त्यांचा निष्कर्ष आला. जिवंत स्नायू भरपूर असलेल्यांचे पंपिंग वाढले खरे, आणि ते केवळ औषधांवर असलेल्यांतही वाढले. परंतु पंपिंग वाढणे आणि दीर्घकाळ जगणे यांची सांगड काही बसली नाही. शस्त्रक्रियेचा लाभही, जिवंत स्नायू जास्त असलेल्यांना जास्त आणि कमी असलेल्यांना कमी, असा विभागलेला दिसला नाही. ज्या आकड्यापायी घरातील माणसे दर तीन महिन्यांनी श्वास रोखून बसतात, तो आयुष्याची किल्ली आहे, असे या शास्त्रीय पुराव्यावरून म्हणता येत नाही.

आकडा निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. कोणते औषध द्यावे, छातीत एखादे यंत्र बसवावे की काय, हे ठरविण्यास डॉक्टरला तो हवा असतो. परंतु हा माणूस जिना चढेल काय, दिवसभर दुकानात उभा राहील काय, विळा चालवील काय, हे त्यावरून कळत नाही. श्रमाची ताकद जितकी हृदयात असते, तितकीच पायांच्या मांसात, फुप्फुसांत आणि बारीक रक्तवाहिन्यांत असते. कमी पंपिंगचा माणूस सरावाने मैलभर चालतो, आणि चांगल्या पंपिंगचा माणूस सहा महिने बसून राहिल्यावर दारापासून चौकापर्यंत धापा टाकतो. मग घरचे म्हणतात, "बघा, बायपासनं माणूस खचला." माणूस बायपासने खचलेला नसतो. त्याला बसवून खचविलेला असतो.

बसण्याने काय होते, याचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस शहरी विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे सक्तीने अंथरुणावर झोपवून ठेवले. एवढ्या अवधीत त्यांची प्राणवायू वापरून श्रम करण्याची कमाल शक्ती पाव हिश्शाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना शोधून पुन्हा तपासले, तेव्हा असे दिसले की वयाच्या तीन दशकांनी त्यांची जेवढी हानी झाली नव्हती, तेवढी तारुण्यातील त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने झाली होती. हे निरोगी तरुणांचे. मग पन्नाशी उलटलेल्या आणि छातीवर नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला वर्षभर बसविले तर त्याचे काय होत असेल?

वैद्यकशास्त्रही या बाबतीत फार दिवस चुकत होते, हे कबूल केले पाहिजे. झटका आलेल्या रोग्यास सहा सहा आठवडे हलू देत नसत. त्याला भरवीत, कूस पालटून देत. अनेक रोगी हृदयाने नव्हे तर पायांत साकळलेल्या रक्ताच्या गाठी फुप्फुसात जाऊन मरत. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी रोग्याला अंथरुणातून उचलून आरामखुर्चीत बसविण्याचे धाडस केले, आणि त्यावर मोठा गहजब झाला. त्या काळी खुर्ची ही क्रांती होती. परंतु ती अंथरुणातून उठण्याची पहिली पायरी होती, मुक्कामाची जागा नव्हे. जग ती पायरी चढून पुढे गेले. आम्ही मात्र अजून तीवरच ठाण मांडून आहोत. विलायतेतील विल्यम हेबर्डन या वैद्याने तर अठराव्या शतकातच, छातीत कळ येणाऱ्या एका रोग्याची हकीकत लिहून ठेवली आहे. तो रोज अर्धा तास लाकूड करवतीत असे आणि त्याने जवळजवळ बरा झाला. १९५३ साली लंडनच्या जेरेमी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांतील चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर बसणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी, असे आढळले. आमच्या एस. टी. तून जन्मभर प्रवास करणाऱ्यांना हा दृष्टांत निराळा समजावून द्यावयास नको.

"पण शस्त्रक्रिया झालेल्याला चालवले आणि टाके तुटले तर?" हा प्रश्न सर्वांत आधी येतो, आणि तो रास्त आहे. छातीचे मधले हाड उभे चिरलेले असते व तारेने बांधलेले असते. ते सांधण्यास सहा ते आठ आठवडे लागतात, मधुमेही माणसात कधी अधिक. तेवढ्या दिवसांत घागर उचलणे, पोते ओढणे, दुचाकी हाकणे, दोन्ही हातांनी जोर लावून उठणे वर्ज्य. परंतु हा नियम हाताचा आहे, पायाचा नव्हे. रुग्णालयातच दुसऱ्यातिसऱ्या दिवशी रोग्याला चालवितात. मग घरी आल्यावर त्याच पायांना कोणते पाप लागते? हृदयाला झेपेल काय, अशी दुसरी शंका. पंपिंग ३५ किंवा त्याहून कमी असलेल्या २३३१ रोग्यांना बेताबेताने व्यायाम देऊन पाहिले, त्याचा वृत्तान्त २००९ साली प्रसिद्ध झाला. लाभ माफक दिसला, पण व्यायाम निर्धोक असल्याचे ठरले आणि माणसांना जगणे अधिक सुसह्य वाटले. हृदयरोग्यांच्या अशा ८५ चाचण्यांतील २३,४३० माणसांचा एकत्र विचार २०२१ साली झाला आहे. त्यात हृदयविकाराने येणारे मरण, पुन्हा येणारा झटका आणि पुन्हा रुग्णालयात जाणे, ही तिन्ही घटलेली दिसतात. व्यायामाने निद्रिस्त स्नायू जागा होतो, असा आमचा दावा नाही. तो रक्ताने, औषधाने आणि काळाने जागा होतो. पण तो जागा होईपर्यंत बाकीचे शरीर झोपवून ठेवू नये, एवढेच आमचे मागणे आहे. अर्थात चालताना छातीत कळ आली, भोवळ आली, रात्री आडवे होताच धाप लागू लागली, पायांवर सूज चढली, तर त्या दिवशी चालणे नव्हे, डॉक्टर.

याच्या उलट बाजूचे एक टोकही आहे. शस्त्रक्रिया झाली, पाट वाहू लागला, आता गोळ्या कशाला, असे म्हणणारे लोक कमी नाहीत. त्यांना एवढेच सांगावयाचे की नवा पाटही तुंबतो. छातीतील धमनीचा जोड दहा वर्षांनीही बहुधा शाबूत राहतो. पण पायाच्या शिरेच्या जोडांपैकी जवळजवळ निम्मे तेवढ्या अवधीत बंद पडतात किंवा रोगट होतात. ज्या गाळाने जुना पाट बुजला, तो गाळ वरून येतच आहे. तंबाखू, बिडी, आणि घरातील बायांची मिश्री (तिला आमच्याकडे कोणी व्यसन मानीतच नाही) ही सुटली नाही, तर शल्यवैद्याचे कौशल्य पाण्यात गेले म्हणून समजावे.

बायांचा विषय निघालाच आहे, तर तोही बोलून टाकू. आम्ही आतापर्यंत सर्वत्र 'माणूस' म्हणजे पुरुष धरून चाललो, ते उगीच नव्हे. खुर्ची मिळते ती त्यालाच. त्याच घरातील बाईची बायपास झाली, तर तिची खुर्ची पंधरा दिवसांत निघते आणि ती चुलीपुढे, धुण्याच्या दगडावर दिसू लागते. हाड सांधण्याआधीच तिच्या हाती पाण्याचा हंडा येतो. एकाला हालचाल करू द्यायची नाही आणि दुसरीला विसावा द्यायचा नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली, तितक्याच निश्चिंत मनाने करायच्या, हे आमच्या कुटुंबसंस्थेला कसे साधते कोण जाणे.

घरच्यांना आम्ही बोल लाविला; पण त्यांना कोणी सांगितलेच नाही, हेही खरे. रोगी रुग्णालयातून निघतो तेव्हा त्याच्या हाती औषधांची यादी, तेल-मीठ कमी करण्याचा उपदेश आणि 'विश्रांती घ्या' हे दोन शब्द पडतात. किती दिवस, कशापासून, आणि नंतर काय, हे त्या दोन शब्दांत नसते. मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत व्यायामाचे वर्ग चालतात. पण वर्गाला आठवड्यातून तीनदा कोरेगावाहून त्या वाहतुकीतून पुण्यास जायचे म्हणजे रोग्याचा दिवस आणि सोबत येणाऱ्याची मजुरी दोन्ही बुडाली. येथे कोणी म्हणेल, हे सारे श्रीमंत देशांचे चोचले आहेत. आम्हांस ते मान्य नाही. नीट शिकवून, अधूनमधून विचारपूस ठेवून घरच्या घरी करवून घेतलेला व्यायाम वर्गातल्या व्यायामाइतकाच उपयोगी पडतो, असे तुलनेत दिसून आले आहे. आणि आपल्याच देशात २४ रुग्णालयांतील ३९५९ रोग्यांवर, झटक्यानंतर योगावर आधारलेला क्रम देऊन 'योग-केअर' ही चाचणी झाली. तिचा वृत्तान्त २०२० साली छापला गेला. मृत्यू किंवा नवे झटके यांत निश्चित फरक सिद्ध झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु त्या रोग्यांना स्वतःची प्रकृती अधिक बरी वाटली, आणि झटक्यापूर्वी ते जी कामे करीत असत त्यांकडे ते अधिक प्रमाणात परतले. हा क्रम बायपासच्या रोग्यांसाठी मुद्दाम आखलेला नव्हता; तरी महागड्या यंत्रावाचून काय करता येते, ते त्याने दाखविले.

पूर्वीच्या कामाकडे परतणे, यातच आमच्या वादाचे मर्म आहे. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका मध्यम हिशेबाने ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांतील लोकांपेक्षा पाचसहा वर्षे आधी. म्हणजे मुलीचे लग्न व्हायचे आहे, मुलगा शिकतो आहे, सोसायटीचे कर्ज फिटायचे आहे, अशा वेळी. त्या माणसाला खुर्चीत बसविणे म्हणजे एका हृदयाचा नव्हे, एका घराचा प्रश्न होय. कंत्राटी कामगार दोन महिन्यांनी कारखान्याच्या दारात गेला, तर त्याच्या जागी दुसरा उभा असतो. 'हार्टवाला' ही पदवी त्याच्या नावापुढे कायमची लागते. त्याला हलके काम देता येईल काय, हे विचारण्याचे कष्ट कोणी घेत नाही. याच देशात डॉ. मनमोहन सिंग यांची बायपास १९९० साली झाली. दुसऱ्यांदा ती जानेवारी २००९ मध्ये झाली, तेव्हा ते ७६ वर्षांचे पंतप्रधान होते. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी पुन्हा शपथ घेतली, २०१४ पर्यंत देशाचा कारभार पाहिला, आणि २०२४ साली ९२ व्या वर्षी ते वारले. दोनदा छाती उघडलेल्या माणसाच्या हाती देश सोपविताना आम्ही डगमगलो नाही. पण पन्नाशीच्या कामगाराच्या हाती पेटी मोजण्याची वही देताना आमचा हात कापतो.

शासनाचे काय? महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत व २०१३ साली सर्वत्र सुरू झालेली, आणि २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना गरिबाच्या बायपासचा खर्च उचलते. २०२३ च्या निर्णयाने तिची मर्यादा पाच लाखांपर्यंत नेली गेली. या योजनेने असंख्य घरे कर्जातून वाचविली, आणि तिची निंदा करणे आमच्या मनातही नाही. परंतु तिच्या गौरवाच्या प्रसंगी जे आकडे वाचले जातात, ते शस्त्रक्रिया किती झाल्या याचे असतात. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी किती जण सहा महिन्यांनी आपल्या शेतावर, दुकानात, कारखान्यात परतले, हा आकडा आमच्या वाचनात कधी आला नाही. जे मोजले जात नाही त्याची काळजी सरकारदरबारी वाहिली जात नाही, हा अनुभव जुनाच आहे.

आणि हे मोजण्यास फार काही लागते असेही नाही. सहा मिनिटांची चाल नावाची एक परीक्षा सर्व जगभर रूढ आहे. तीस मीटर सपाट जागा, दोन टोकांना दोन खुणा, एक घड्याळ, रक्तदाब मोजण्याचे साधन आणि शेजारी एक शिकविलेला माणूस. सहा मिनिटांत रोगी आपल्या चालीने किती अंतर तोडतो, ते लिहून ठेवावयाचे. महिन्याने पुन्हा तेच. कोरेगावात, वढू बुद्रुकला, सणसवाडीला, जेथे जेथे शाळेची लांब ओसरी आहे तेथे हे होऊ शकते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राने महिन्यातील एक दिवस यासाठी राखावा. त्या भागातून शस्त्रक्रिया होऊन आलेल्यांची यादी आशा सेविकांकडून करून घ्यावी, आणि रुग्णालयांनी डिस्चार्जच्या कागदावर 'विश्रांती घ्या' याऐवजी पहिल्या आठवड्यात किती मिनिटे चालावे, सहाव्या आठवड्यात किती, आणि काम केव्हा सुरू करावे, हे मराठीत लिहून द्यावे. त्या ओसरीवर एक खुर्चीही ठेवावी लागेल. दमलेल्याला मध्येच टेकता यावे म्हणून. घड्याळ मात्र तेवढ्यासाठी थांबवीत नाहीत.